सुनीताच्या पोरीचा आकडा

रक्ताचे नमुने आम्ही आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवतो आणि मग रीतसर टाकून देतो. किस्से टाकून द्यायचा असा काही नियम नाही, त्यामुळे ते साचतच जातात. अठरा वर्षं झाली मला या लॅबमध्ये. नवऱ्याला सांगून झाले, बहिणीला फोनवर सांगून झाले. गुडीहत्नूरहून आदिलाबादला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तर रोजच्या बायका माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवतात. ती प्रेमानं धरतात असं मला बरेच दिवस वाटत होतं, पण खिडकीत बसवलं की मला लवकर उठून जाता येत नाही, हे खरं कारण.

तर आधी ठिकाण सांगते. दवाखान्यात एक वॉर्ड आहे, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा. त्याला लागून चादरी ठेवायची एक खोली होती, तिथं माझी लॅब. मधल्या भिंतीत एक सरकती काच आहे. त्या काचेतून रक्ताच्या नळ्या माझ्याकडे येतात, रिपोर्ट तिकडे जातात, आणि वॉर्डातलं सगळं बोलणं मला फुकटात ऐकू येतं.

वॉर्ड चालवतात शैलजा मॅडम. वरंगळकडच्या, घरची भाषा तेलुगू. मराठी शिकल्या त्या थेट पेशंटकडून, म्हणजे सरहद्दीवरच्या गावांतल्या बायकांकडून. त्यामुळे इंग्रजी पुस्तकं कोळून प्यालेली ही बाई मराठीत तोंड उघडलं की "काऊन रडून राह्यली हे पोट्टी?" असंच बोलते. आणि दुसरी राजम्मा, हेड सिस्टर. तिच्याबद्दल एवढंच सांगते की मॅडमसुद्धा तिला विचारून सुट्टी घेतात.

माझं काम मुख्यतः एका आकड्याचं. अंगात कुठं दाह सुरू झाला की रक्तात एक प्रोटीन वाढतं, त्याला सीआरपी म्हणतात. तो आकडा वाढला की समजायचं, आत काहीतरी पेटलंय. कुठं पेटलंय आणि कुणी पेटवलंय हे तो सांगत नाही. धूर दिसतो, पण चूल कुणाची ते कळत नाही, असा हा प्रकार.

* * *

मॅडम नव्यानं आल्या तेव्हाची गोष्ट. लॅबला नवीन मशीन मिळालं होतं आणि मी भलतीच खुशीत होते. एका बाळाचा नमुना सकाळी आला, दुपारी आला. मी काच सरकवून म्हटलं, "मॅडम, संध्याकाळी अजून एक पाठवा ना. ग्राफ छान दिसेल."

मॅडम आत आल्या. माझ्या टेबलावर चहाचा कप होता, तो त्यांनी उचलला. "वनिता, या बाळाच्या अंगात समदं मिळून रक्त किती असंल?"

मी अंदाज बांधत उभी राहिले.

"हा कप भरंल एवढं. आन् त्याच्यातून तुले ग्राफ पायजे."

त्या दिवसापासून काचेवर एक चिठ्ठी चिकटली आहे. "उत्तर आल्यावर काय करणार?" आकडा वाढला तर अमुक करीन, कमी झाला तर तमुक करीन, एवढं ज्याला सांगता येत नाही त्याचा नमुना मॅडम काढू देत नाहीत. शिकाऊ डॉक्टर त्या चिठ्ठीला देवाला घाबरावं तसे घाबरतात.

राजम्मानं ती चिठ्ठी फारच मनावर घेतली. एकदा तिच्या सुनेचा फोन आला, "आत्या, आज घरी कधी येणार?" राजम्मा शांतपणे म्हणाली, "उत्तर आल्यावर काय करणार?" सुनेनं त्यानंतर आठवडाभर फोन केला नाही.

* * *

त्याच नवीन मशीनचा दुसरा किस्सा. मॅडम चार दिवस गावी गेल्या होत्या आणि बदलीवर एक तरुण डॉक्टर आले होते. भारी हुशार, आणि हुशार माणसांना असते तशी घाई. मी सकाळी रिपोर्ट दिला. एका बाळाचा आकडा बारा.

डॉक्टर ओरडलेच, "काल एक पूर्णांक एक होता, आज बारा? एका दिवसात दहापट?" त्यांनी तीन फोन केले, दोन औषधं बदलली, आणि बाळाच्या बापाला बोलावून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाप बिचारा तिथंच खाली बसला.

झालं असं होतं की आदल्या दिवशी नवीन मशीन अडलं म्हणून मी जुनं वापरलं होतं. जुनं मशीन डेसिलिटरचा हिशोब देत होतं आणि नवीन मशीन लिटरचा, म्हणजे आकडा दहापट मोठा. कालचा एक पूर्णांक एक आणि आजचा बारा यांच्यात फरक असा जवळजवळ नव्हताच. मापाचं नाव रिपोर्टवर छापलेलं होतं, पण ते मुंगीएवढ्या अक्षरात. मी ते सांगायला उठेपर्यंत राजम्मा पोचली. तिनं बाळाकडे पाहिलं, पंज्याला बोट लावून पाहिलं, दूध किती पचलं ते वाचलं.

मग डॉक्टरांना म्हणाली, "सर, बाळ कालचंच आहे. मशीन आजचं आहे."

चूक माझीही होती, मी आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी आकड्यापुढं माप मोठ्या अक्षरात हातानं लिहिते. अक्षर वाईट आहे, पण मोठं आहे.

* * *

आता सुनीताच्या पोरीकडे येते, कारण पुढचे बहुतेक किस्से तिचेच आहेत.

वांकिडीकडच्या एका खेड्यातलं हे कुटुंब. कापूस आणि ज्वारी पिकवणारं. सुनीताला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि बाराशे ग्रॅमची पोरगी झाली. तिच्या आधीची दोन लेकरं गेली होती, एक पोटात आणि एक जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी. सुनीता बोलायचीच नाही. नवरा मारोती आणि सासू गिरजाबाई, हेच दोघं बोलायचे. त्यातला मारोती थोडं बोलायचा आणि बाकीचं सगळं गिरजाबाई.

चौथ्या दिवशी मॅडमनी पोरीच्या छातीवर सोनोग्राफी मशीन फिरवलं आणि घरच्यांना बसवून सांगितलं. बाळ पोटात असताना फुप्फुसानं श्वास घेत नाही, म्हणून हृदयाजवळ एक बारीक नळी असते, रक्त तिच्यातून परस्पर जातं. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत ती आपोआप मिटते. लवकर जन्मलेल्या बाळांची कधीकधी मिटत नाही. मग नको तेवढं रक्त फुप्फुसात शिरतं आणि बाळाला धाप लागते.

गिरजाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे दार लावायचं राह्यलं."

"व्हय," मॅडम म्हणाल्या.

"मंग लावा ना."

"तेच करून राह्यलो अम्मा. पयले औषध देऊन पाहू."

"आन् नाई लागलं तर?"

मॅडमनी खोटं सांगितलं नाही. औषधानं नाही मिटली तर हैदराबाद, तिथं ऑपरेशन. एवढ्याशा जिवाला ॲम्ब्युलन्समध्ये घालून पाच-सहा तासांचा रस्ता. शिवाय मधेच अंगात संसर्ग झाला, तर हे औषध देताच येत नाही. म्हणून रोजच्या रोज लक्ष ठेवायचं आणि मधूनमधून तो सीआरपीचा आकडा बघायचा.

सुनीता तेव्हा पहिल्यांदा बोलली. "बाई, हे तरी राहू द्या आमच्याजवळ."

मला काचेमागं उभं राहून ते ऐकवलं नाही. मी जाऊन मशीन उगाचच पुसलं.

* * *

मारोतीला वॉर्डात नेहमी येता येत नसे, म्हणून तो बाहेरून माझ्या दारात यायचा. "ताई, आज आकडा किती?" पहिल्यांदा आठ होता. मग चौदा झाला. चौदाला शिकाऊ डॉक्टर घाबरले आणि संसर्ग संसर्ग म्हणून नाचायला लागले. मॅडम म्हणाल्या, थांबा, दुसऱ्या दिवशी परत बघू, पोरगी दूध पचवून राह्यली हाय.

शिकाऊ डॉक्टरांना ते पटलं नाही. आकडा आलाय तर थांबायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मारोती दाराशी उभा राहून ऐकत होता. तो मला म्हणाला, "एकदा लावून कुठं समजते?"

"काय लावून?"

"मार्केटात कापसाची गाडी नेली का ते ओल मोजायचं मशीन लावतेत ना. वर लावलं तर कोरडा दाखवते, खाली खुपसलं तर ओला. पहाटं भरलेली गाडी असंल तर वेगळं, दुपारची असंल तर वेगळं. आमी म्हणतो, तीन जागी लाव, दोन खेपा लाव, मंग बोल."

मॅडम मागं येऊन उभ्या होत्या हे त्याला माहीत नव्हतं. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. "तुमाले मी तीन महिने झाले हेच सांगून राह्यली. आता याच्याकडून शिका."

दुसऱ्या दिवशी आकडा नऊ आला. मारोतीनं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा अगदी मार्केटमधल्या जाणत्या शेतकऱ्यासारखा होता.

* * *

गिरजाबाई मात्र माझ्यावर खार खाऊन होत्या. मी त्यांच्यासाठी रक्तवाली. टाचेला टोचून नळीत चार थेंब घेतले की त्या काचेतून माझ्याकडे अशा बघायच्या, की मी ते घरी नेऊन पिणार आहे.

एक दिवस मी रिपोर्ट दिला आणि त्या काचेशी आल्या. "झालं तपासून?"

"झालं आजी. बरं आहे."

"नळीत उरलं का काही?"

"उरलंय थोडं."

"मंग घाला वापस तिच्या अंगात."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "हासाले काय झालं? तुमचं काम झालं ना? उरलेलं तिचंच हाय."

मी जेवताना मॅडमना गंमत म्हणून सांगितलं. मॅडमनी घास खाली ठेवला. म्हणाल्या, परत घालता येत नाही, पण बाई विचारते ते बरोबर आहे, उरलेलं तिचंच आहे. त्या दिवसापासून आम्ही नळीतलं उरलेलं रक्त नाव घालून फ्रिजमध्ये जपायला लागलो. दुसऱ्या दिवशी एखादी वेगळी तपासणी लागली, तर आधी ते वापरायचं, त्यात होत असेल तर टाचेला हात लावायचा नाही. महिन्याभरात वॉर्डातलं टोचणं बरंच कमी झालं. शिकाऊ डॉक्टर या पद्धतीला गिरजाबाई पद्धत म्हणतात. एकानं तर ते इंग्रजी रिपोर्टात लिहिलंसुद्धा होतं, ते मी खोडलं.

* * *

मॅडमची एक निळी वही आहे. ज्या बाळांची ती नळी उघडी राहते, त्यांच्या आईबापाला विचारून त्या या वहीत त्यांचे आकडे लिहितात. वजन, आठवडे, नळी केवढी, सीआरपी किती. त्यांना एक प्रश्न पडलाय. नळी उघडी राहिलेल्या बाळांमध्ये हा दाहाचा आकडा जरा चढा दिसतो असा त्यांचा संशय आहे. मग अंगात दाह आहे म्हणून नळी मिटत नाही, की नळी उघडी आहे, रक्त भलतीकडं धावतंय, म्हणून दाह होतो? की बाळ फारच लवकर आलं, आणि दोन्ही त्याच्यामुळंच?

मी विचारलं, "मग खरं काय?"

"खरं मालूम असतं तर वही काऊन ठेवली असती?"

हा प्रश्न मला चावला तो चावलाच. घरी लोणच्याच्या बरणीला बुरशी आली. मी बरणी हातात धरून विचार करत बसले. झाकण सैल होतं म्हणून बुरशी आली, की बुरशीमुळं आतून फुगून झाकण सैल झालं, की मुळात कैऱ्याच ओल्या होत्या? नवरा दहा मिनिटं ऐकत होता. मग म्हणाला, "लोणचं फेकायचं का ठेवायचं, तेवढं सांग."

राजम्माला या वहीची गरजच वाटत नाही. ती मशीनच्या आधी आकडा सांगते. एकदा सकाळी एका बाळाकडे बघून म्हणाली, "हा आज वीसच्या वर जाणार." मशीननं तेवीस दाखवला. मला वाटलं, लागला असेल एखादा. दुसऱ्या आठवड्यात परत तेच. मी तिला धरलंच, "सांग, कसं ओळखतेस?"

"लंगोट बदलताना हा रोज मला लाथ मारतो. आज नाही मारली."

मॅडमनी निळ्या वहीत एक नवीन रकाना आखला. त्याच्या डोक्यावर लिहिलं, "लाथ."

* * *

आता शेवटचा सांगते.

सुनीताच्या पोरीचा औषधाचा पहिला कोर्स संपला. नळी बारीक झाली, पण मिटली नाही. मॅडमनी ठरवलं, शुक्रवारी सकाळचा आकडा बघायचा. कमी असेल तर दुसरा कोर्स इथंच. वाढला असेल तर संसर्ग धरायचा, औषध बंद, आणि पोरीला दुपारीच हैदराबादला न्यायचं. ॲम्ब्युलन्स सांगून ठेवली होती. मारोती गावाहून कपड्यांची पिशवी घेऊन आला होता. सुनीताच्या तोंडात सकाळपासून पाण्याचा घोट गेला नव्हता.

नेमकी त्या दिवशी राजम्मा रजेवर. बदलीला दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर आली होती. राजम्मानं तिला बजावून ठेवलं होतं, पाळण्यावरच्या कार्डावर विश्वास ठेवायचा नाही, बाळाच्या पायाला जी पट्टी बांधलेली असते तिच्यावरचं नाव वाचायचं आणि तेच नळीवर आणि चिठ्ठीवर लिहायचं. त्या बिचारीनं ते तंतोतंत पाळलं. आमच्याकडे बाळांना नावं नसतात, आईचंच नाव चालतं. बेबी ऑफ अमुक, बेबी ऑफ तमुक.

दहाच्या सुमाराला काचेतून नमुने आले. त्यात दोन नळ्या "बेबी ऑफ लक्ष्मी". लक्ष्मी ही शेजारच्या पाळण्याची, तेलुगू घरातली पोरगी, बारावी शिकलेली. तिच्या मुलाला कावीळ होती, निळ्या दिव्याखाली ठेवायचे. चिठ्ठ्याही दोन होत्या, एक काविळीच्या तपासणीची आणि एक सीआरपीची, दोन्हीवर लक्ष्मीच. कुठली चिठ्ठी कुठल्या नळीची, ते कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं, एकाच बाळाचं दोनदा घेतलं. मनातल्या मनात बदली सिस्टरला दोन शब्द ऐकवले आणि दोन्ही नळ्यांचा सीआरपी लावला.

एकीचा आला सहा. दुसरीचा बेचाळीस.

एकाच बाळाचे एकाच वेळी सहा आणि बेचाळीस? मी नळ्या उजेडात धरल्या. रक्त खाली बसल्यावर वर जे पाणी राहतं, ते बेचाळीसच्या नळीत पिवळंधमक होतं, काविळीचं. दुसरीत स्वच्छ. ही दोन वेगळी बाळं होती.

तेवढ्यात काच सरकली. मॅडम विचारत होत्या, "सुनीताच्या पोरीचा आकडा?"

"तिचा नमुनाच आला नाही मॅडम."

"माह्या समोर काढला."

मी त्यांना दोन्ही नळ्या दाखवल्या. पिवळी म्हणजे लक्ष्मीच्या मुलाची असणार, बेचाळीस त्याचा असणार, असं माझं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, "रंग पाहून मी गाडी हैदराबादले पाठवत नाई, आन् थांबवत बी नाई." आम्ही दोघी आत गेलो. दोन्ही बाळांचे पाय बघितले. दोघांच्याही पायाला एकच नाव, लक्ष्मी. सुनीताच्या पोरीच्या पायावरची पट्टी ताजी होती, अक्षर दवाखान्यातलं नव्हतं.

मॅडमनी दोघांचं रक्त आपल्या हातानं परत घेतलं आणि नळ्यांवर नावं स्वतः लिहिली. एकेक थेंब वाचवणारी ती बाई, तिला त्या दिवशी दोन टाचा दुसऱ्यांदा टोचाव्या लागल्या. मशीनला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत मॅडमनी गिरजाबाईंना समोर बसवलं.

"अम्मा, पट्टी कोणं बदलली?"

गिरजाबाईंनी काही लपवलं नाही. "म्या. लिवली लक्ष्मीनं. सांगितलं म्या."

"काऊन?"

"बाई, सुनीताच्या नावावर दोन गेले. तिच्या नावाचं लेकरू म्हटलं का वरून बोलावणं येते. आमच्याकडं असं असलं का लेकरू दुसऱ्याच्या पदरात टाकतेत. काल म्या पोरगी लक्ष्मीच्या पदरात देल्ली. तिनं मूठभर तांदूळ देल्ले मले. पोरगी तिची झाली. बरं, नुसतं तोंडानं म्हणून काय उपेग? पायाले सुनीताचंच नाव राह्यलं, तर फसवणार कोणाले?"

लक्ष्मी मुलाला कुशीत घेऊन कोपऱ्यात उभी होती. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, "मॅडम, अम्मा रोते थे. मैं ना नहीं बोल सकी."

मशीन वाजलं. मी धावत रिपोर्ट आणला. सुनीताच्या पोरीचा सहा. लक्ष्मीच्या मुलाचा चव्वेचाळीस.

मारोतीनं पिशवी खाली ठेवली. सुनीता रडायला लागली. गाडी जाणार नव्हती, दुसरा कोर्स इथंच सुरू होणार होता. पण गिरजाबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या लक्ष्मीकडे बघत होत्या. "आमची बला त्या लेकराच्या डोक्यावर गेली. म्या घातली." त्या लक्ष्मीच्या पाया पडायला निघाल्या, लक्ष्मी मागं सरली.

मॅडमनी गिरजाबाईंचा दंड धरला. "ऐका. त्या पोट्ट्याले आज फक्त काविळीची तपासणी होती. त्याच्या अंगात संसर्ग हाय, हे कोणाले मालूम नव्हतं. उद्या समजलं असतं, नाई तर परवा. तुमच्या पट्टीमुळं वनितानं त्याचा बी आकडा पाहिला. औषध आज सुरू होईल." मग आवाज चढवून म्हणाल्या, "आन् पुन्हा पायाच्या पट्टीले हात लावला ना अम्मा, तर तुमाले इथं पाय ठेवू देणार नाई. याचं औषध तिले गेलं असतं, तर काय केलं असतं?"

गिरजाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. दोन्ही पट्ट्या बदलल्या, आता त्या कापल्याशिवाय निघत नाहीत अशा असतात. राजम्मा दुसऱ्या दिवशी आली, सगळं ऐकलं, आणि परत रजा घेणार नाही म्हणाली.

लक्ष्मीच्या मुलाला दहा दिवस औषध चाललं. तो सुधारला, राजम्माला लाथा मारायला लागला आणि घरी गेला. सुनीताच्या पोरीची नळी दुसऱ्या कोर्सनंतर मिटली. मॅडमनी तीनदा मशीन फिरवून बघितलं, मग सुनीतालाही पडद्यावर दाखवलं. सुनीताला त्यात काही समजलं नसणार, तरी ती बराच वेळ बघत राहिली. पुढं वजन वाढेपर्यंत पोरगी महिनाभर आमच्याकडेच होती.

घरी जायच्या दिवशी सकाळी लक्ष्मी आली. गावाहून मुद्दाम आली होती, मुलाला घेऊन. ती आणि गिरजाबाई एकमेकींना खुणा करत होत्या. गिरजाबाईंनी खाटेमागं एक गाठोडं दडवलं होतं, चांगलं पाच-सहा किलोचं. नात परत घ्यायची तर तिच्या बदल्यात धान्य द्यावं लागतं, आणि मॅडमना कळलं तर काही खरं नाही, म्हणून दोघी मॅडमचा राउंड संपायची वाट बघत होत्या. सुनीता दारावर लक्ष ठेवून उभी. मी काचेमागं.

सुनीतानं पोरगी लक्ष्मीच्या मांडीवर ठेवली. गिरजाबाईंनी गाठोडं ओढलं आणि सोडलं. पांढरी शुभ्र ज्वारी. आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम मागच्या दारानं आत आल्या.

गिरजाबाई ज्वारीवर पदर पसरून बसल्या. लक्ष्मीनं पोरगी छातीशी धरली. मॅडम जवळ आल्या, वाकल्या, पदर बाजूला सारून बघितलं.

मग म्हणाल्या, "इतकी काऊन आणली अम्मा? माह्या मायनं मले मूठभर तांदळात वापस घेतलं होतं."